हातापासून वहीपर्यंत
घरी शिकणाऱ्या मुलांच्या कृतिशिक्षणाचा आढावा

जूनच्या मध्यावर सोसायटीतली मुलं नवी दप्तरं पाठीला लावून रिक्षात बसतात आणि घरी शिकणाऱ्या मुलांच्या आयांना जिन्यात हमखास प्रश्न येतो, "मग तुमची मुलं दिवसभर करतात काय?" गेली काही वर्षं मी त्याचं उत्तर देते आहे. मटकीला मोड आणतात, गच्चीवर सावल्या मोजतात, आजीकडून ओव्या उतरवून घेतात, सुताराच्या शेजारी बसून रंधा मारून बघतात. ऐकणाऱ्याला हे गोड वाटतं. पण त्याच्या मनात खरा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. यातून मुलं शिकतात काय?

होमस्कूलिंगचं बोलणं निघालं की 'करून शिकणं' हा शब्द लगेच येतो. या लेखात मला विषयवार पाहायचं आहे की घरात हाताने काय काय करता येतं, त्यातलं काय मुलांच्या डोक्यात टिकतं आणि काय नुसताच वेळ खातं. माझं म्हणणं आधीच सांगते. कृती ही शिकण्याची सुरुवात आहे. हाताने केलेलं बोलण्यात आलं, बोलण्यातून वहीत उतरलं आणि वहीतून पुढचा प्रश्न निघाला, तरच ते शिक्षण. घरी शिकण्याचं मोठं भांडवल म्हणजे या प्रवासाला लागणारा निवांत वेळ.

वारसा आपलाच

हाताने शिकणं ही परदेशातून आलेली नवी टूम आहे असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीम मांडली. चरखा आणि टकळी चालवताना, शेतात राबताना त्याच कामातून गणित, विज्ञान आणि भाषा शिकवायची, ही त्यातली मूळ कल्पना. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या सोबतीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी माँटेसरी पद्धत आदिवासी पाड्यांत नेली. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं आणि माती हेच त्यांचं शैक्षणिक साहित्य झालं.

तिसरा धागा विज्ञानाचा. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झाला. १९७८ मध्ये तिथे गेलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या केल्या. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून असंख्य खेळणी घडवली आणि ती कशी करायची हे सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज मराठी घरांत होणाऱ्या विज्ञानाच्या कितीतरी कृती थेट या परंपरेतून आलेल्या आहेत.

हे आठवायचं कारण व्यवहाराचं आहे. पहिल्या वर्षी मी दर महिन्याला घरपोच येणारी प्रयोगांची खोकी मागवत होते. मुलं चित्र बघून तुकडे जोडायची, वस्तू फिरायची, उजळायची आणि आठवडाभरात माळ्यावर जायची. पुढे काय, असं कुणी विचारायचं नाही, कारण पुढचं पाऊलही खोक्यातच छापलेलं असायचं. ताराबाईंच्या शिंपल्यांत जे होतं ते त्या खोक्यात नव्हतं. ते होतं मुलाने स्वतः शोधायची जागा.

गणित : ठिपके, चतकोर आणि मापटं

गणिताला घरासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. लहान मुलाला दशक-एकक शिकवायला चिंचोके आणि काड्या पुरतात. दहा काड्यांची जुडी रबर लावून बांधली की 'हातचा' ही हातात धरता येणारी वस्तू होते. वजाबाकीत जुडी सोडावी लागते, आणि 'दशक मोडला' म्हणजे काय हे ती सोडताना कळतं.

अपूर्णांकांसाठी तर आपल्या भाषेनेच सोय करून ठेवली आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द मूल बाजारात आणि स्वयंपाकघरात ऐकतच असतं. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली होती. औट म्हणजे साडेतीन. भाकरीचा चतकोर मोडताना पाव म्हणजे चारातला एक भाग हे दिसतं. दोन चतकोर जोडले की अर्धी भाकरी होते. चतकोराचे पुन्हा दोन केले की एक अष्टमांश हाती येतो. एवढं ताटात झाल्यावर १/४ हे चिन्ह मुलाला परकं वाटत नाही.

आजोळच्या घरात पायली किंवा मापटं असेल तर आणखी मजा. तेच मापटं तांदळाने, ज्वारीने आणि चुरमुऱ्यांनी भरून तराजूत घालायचं. माप एकच असताना वजन वेगळं का येतं, हा प्रश्न मूलच विचारतं आणि घनतेचा धडा तिथे सुरू होतो.

या सगळ्यांत माझी आवडती कृती रांगोळीची. मधल्या ओळीत पाच ठिपके, मग दोन ठिपक्यांच्या मधल्या जागी एकेक असे चार, मग तीन, दोन, एक आणि खालीही तसंच. 'पाच ते एक' हे घराघरातलं गणित. एकदा लेकीला म्हटलं, "एकूण ठिपके किती, मोजून बघ." तिने एकेक करून मोजले, पंचवीस आले. मग 'चार ते एक' काढली, सोळा. 'तीन ते एक', नऊ. ती थांबली, मान तिरकी केली आणि म्हणाली, "आई, हा चौरसच आहे. फक्त फिरवून ठेवलाय." १+२+३+४+५+४+३+२+१ म्हणजे ५ × ५ का, याची ती सिद्धताच होती. बीजगणिताचं एकही अक्षर त्यात नव्हतं. वहीत तिने आधी ठिपके काढले, शेजारी बेरीज लिहिली आणि खाली वाक्य लिहिलं, "दहा ते एक काढली तर शंभर येतील." ते अजून कुणी मोजलेलं नव्हतं. तिने मोजायच्या आधी सांगितलं होतं, आणि माझ्या लेखी गणित तिथे घडलं.

मोठ्या मुलांसाठी बांधकामावरचा गवंडी हा उत्तम शिक्षक. ओळंबा भिंत उभी सरळ आहे का ते सांगतो, गुण्या कोपरा तपासतो. मोठा कोपरा आखताना दोरीवर ३, ४ आणि ५ च्या प्रमाणात अंतरं धरली की काटकोन मिळतो. पायथागोरसचा सिद्धांत मुलाने आधी तिथे पाहिला असेल तर पुस्तकातलं प्रमेय त्याला ओळखीचं वाटतं.

विज्ञान : एक डाग पुरेसा आहे

हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणात टाकला की डाग लाल होतो. हे प्रत्येक घरात घडतं आणि प्रत्येक घरात तिथेच संपतं. त्याला पुढे न्यायचं. जुन्या कापडाचे चार तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचे. एकावर साबण, एकावर लिंबू, एक उन्हात आणि एक कपाटातल्या अंधारात. साबणाचा लाल होतो, कारण साबण अल्कधर्मी आहे आणि हळद हा दर्शक आहे, म्हणजे आम्ल-अल्कानुसार रंग बदलणारा पदार्थ. त्यावर लिंबू पिळलं की तो पुन्हा पिवळा होतो. उन्हातला फिका पडत जातो, अंधारातला तसाच राहतो. हळदीत चुना मिसळून पारंपरिक कुंकू का लाल होतं, हे आजी सांगते तेव्हा देव्हारा आणि रसायनशास्त्र एका ओळीत येतात. गोकर्णीच्या निळ्या फुलाचं पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, तेही याच वहीत.

इथे शिकण्याचा गाभा रंगापेक्षा त्या चार तुकड्यांत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. मूल हा नियम एकदा शिकलं की मटकीवर आपणहून लावतं. एक वाटी कोरडी, एक ओली, एक फ्रीजमध्ये, एक पाण्यात पूर्ण बुडालेली. मोड कुणाला आले आणि कुणाला नाही, यातून बीजाला पाणी, ऊब आणि हवा लागते हे निघतं. रोजच्या नोंदींचा तक्ता ठेवला तरच निघतं, हेही सांगायला हवं.

आगकाड्यांच्या आकृत्यांची कृती जुनी असली तरी तिला तोड नाही. चौकोन करून दाबला की तो कलतो, त्रिकोण कलत नाही. मग विजेच्या मनोऱ्याकडे आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैचीकडे मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

भूगोल आणि आकाश : गच्चीवरची काठी

जानेवारीतली एक कृती सविस्तर सांगते. आम्ही पुण्यातल्या घराच्या गच्चीवर एक काठी ओळंब्याने सरळ उभी केली. प्रश्न साधा होता, सावली सर्वांत लहान कधी होते? लेकीचं उत्तर तयार होतं, "बारा वाजता." बारा वाजता सावली आखली. साडेबाराला ती आणखी लहान होती. पुढे बराच वेळ ती जवळजवळ तेवढीच दिसली, नेमका क्षण पकडता येईना.

मग जुन्या भारतीय ज्योतिषांची युक्ती वापरली. सावली मोजायच्या त्यांच्या शंकूभोवती असतं तसं काठीभोवती खडूने वर्तुळ काढलं. सकाळी सावली लांब असताना तिचं टोक वर्तुळाबाहेर असतं, आखडत आखडत ते वर्तुळाला टेकतं. तेव्हा ११ वाजून १४ मिनिटं झाली होती. दुपारी लांबत जाताना टोक पुन्हा टेकलं ते २ वाजून १६ मिनिटांनी. या दोन वेळांचा मध्य म्हणजे खरी मध्यान्ह, १२ वाजून ४५ मिनिटं. वर्तुळावरच्या दोन खुणांच्या मध्यातून काठीपर्यंत रेघ ओढली, ती उत्तर-दक्षिण दिशा.

पण पाऊण तास उशीर का? नकाशा काढला. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७३.९ च्या आसपास. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. फरक ८.६ अंशांचा, म्हणजे ३४ मिनिटं. लेकीने वजाबाकी केली आणि म्हणाली, "मग उरलेली अकरा मिनिटं कुणाची?" हा प्रश्न मी ठरवला नव्हता. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो, हे तिने पुस्तकात वाचलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हीच कृती पुन्हा केली तेव्हा मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास आली. वहीत दोन्ही तारखा समोरासमोर आहेत.

मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात. जुलैचा बहुधा ढगात जातो, म्हणून मे सोडायचा नाही.

पावसाळ्यात सरळ भिंतीची बाटली आणि पट्टी एवढ्यावर पर्जन्यमापक होतो. हवामान खात्यासारखी नोंद सकाळी साडेआठला घ्यायची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. ७४ चौरस मीटरच्या गच्चीवर एका रात्रीत २५ मिलिमीटर पडला तर १,८५० लीटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं. हा आकडा मुलांनी स्वतः काढला की पाणी वाचवण्याचं वेगळं भाषण लागत नाही.

इतिहास : दिवाळीचा किल्ला

मराठी मुलांच्या हाती इतिहासाची सर्वांत सुंदर कृती आधीपासून आहे. ती म्हणजे दिवाळीचा किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दिवाळीच्या किल्ल्यात चिखल, पोतं, अळीव आणि मातीचे मावळे हे सगळं असू द्यावं. त्यात फक्त एक पायरी वाढवावी, आधी नकाशा.

समोच्च रेषा कळायला अर्धा बटाटा ताटात पालथा ठेवायचा. बोटभर पाणी ओतायचं, पाण्याच्या काठाने पेनाने रेघ मारायची, पुन्हा बोटभर पाणी, पुन्हा रेघ. वरून पाहिलं की नकाशातल्या समोच्च रेषा समोर असतात. जिथे रेषा दाटीने येतात तिथे कडा. मग राजगडाचा नकाशा घेऊन बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या प्रमाणात मांडायच्या. करता करता प्रश्न येतातच. रायगडाच्या महादरवाजासमोर वाट वळवून बुरुजांच्या आड का नेली? डोंगरमाथ्यावर पाणी कुठून? खडकात खोदलेली टाकी किती माणसांना किती दिवस पुरतील? इथे इतिहास, भूगोल आणि गणित यांच्यात भिंत राहत नाही.

भाषा : ऐकून उतरवणं

भाषेत हाताचं काम काय, असं विचारतात. ऐकलेलं उतरवून घेणं हे हाताचंच काम आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. घरातल्या मुलाने आजीच्या दहा ओव्या लिहून घेतल्या तर तेही त्याच जातीचं काम. माझ्या मुलाने आजीला विचारलं, "आजी, तुम्ही म्हणता ते 'जातं' कुठे जातं?" त्या एका प्रश्नातून खुंटा, वैरण, पाळू असे शब्द घरात आले. आता त्यांचा घरचा शब्दकोश आहे. शब्द, अर्थ आणि कुणाकडून ऐकला, असे तीन रकाने.

दुसरी कृती हस्तलिखित दिवाळी अंकाची. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. घरचा अंक काढताना मुलाला संपादक, लेखक, चित्रकार आणि मुद्रितशोधक सगळंच व्हावं लागतं. शेजारी वाचणार आहेत हे ठाऊक असलं की ऱ्हस्व-दीर्घ तपासायला सांगावं लागत नाही.

पूल आपोआप बांधला जात नाही

आता अवघड भाग. हाताने करता येतं म्हणजे समजलं, असं आपण धरून चालतो. पुरावा वेगळं सांगतो. १९८५ मध्ये तेरेझिन्या न्यूनेस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना त्यांचे सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर येत. तेच आकडे कागदावर उदाहरणं म्हणून दिल्यावर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं मनातल्या मनात गुंतागुंतीचे हिशेब करत होती, पण शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणं त्यांना जड गेली. शाळेत जाणाऱ्या मुलांची गत उलट होती. कागदावर येत होतं, व्यवहारात अडत होतं.

म्हणजे बाजाराकडून वहीकडे आणि वहीकडून बाजाराकडे जाणारा पूल आपोआप बांधला जात नाही. तो कुणीतरी बांधावा लागतो. रिचर्ड मायर यांनी २००४ मध्ये अनेक दशकांचे अभ्यास तपासून हेच मांडलं. मुलांना नुसतं मोकळं सोडून दिल्यापेक्षा नेमक्या जागी प्रश्न विचारणारं, वाट दाखवणारं मोठं माणूस सोबत असलं तर शोध घेत शिकणं जास्त पक्कं होतं.

घरात हे माणूस म्हणजे आपण. आमच्याकडे प्रत्येक कृतीला चार थांबे आहेत. करण्याआधी काय होईल याचा अंदाज लिहायचा. मग करायचं. मग काय झालं ते चित्र, तक्ता किंवा चिन्हं वापरून लिहायचं. शेवटी एक नवा प्रश्न. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, कारण शिकण्याची खूण तिथेच असते. आणि रोज कृती नकोच. आठवड्याला दोन, नीट पूर्ण केलेल्या, पुरेत. बाकी वेळ वाचन, सराव, खेळ आणि कंटाळा यांना द्यावा. पाढे पाठ करणं, शुद्धलेखन, उदाहरणांचा सराव यांना कृतीचा पर्याय नाही.

परीक्षा, कायदा आणि घरातले कष्ट

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो, होमस्कूलिंगचं नाव घेत नाही. व्यवहारात बहुतेक पालक दोन वाटा धरतात. १९८९ पासूनची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तरांच्या परीक्षा घेते आणि दहावीला १४ वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं. दुसरी वाट राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी देण्याची. दोन्हीकडे शेवटी कागदावर लिहावंच लागतं. हातापासून वहीपर्यंतचा पूल त्यासाठीही हवा.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. हा सगळा वेळ बहुतेक घरांत आई देते, तिची नोकरी सोडून किंवा रात्र जागून. ज्या घरांना हे परवडत नाही त्यांची मुलंही हाताने शिकायला हवीत. म्हणून या कृती होमस्कूलिंगवाल्यांच्या मालकीच्या राहू नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांसोबत शिकण्याचे सांगितले आहेत. ते खरोखर झाले तर सुतार आणि गवंडी प्रत्येक मुलाचे शिक्षक होतील. सोबतीचा प्रश्नही आहे. एकट्या मुलाची कृती लवकर विझते. आम्ही चार-पाच कुटुंबं आठवड्यातून एकदा भेटतो, कारण वाद घालायला दुसरं मूल लागतं.

गच्चीवरच्या त्या काठीची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. दुसऱ्या जानेवारीत लेकीने वहीत लिहिलं, "नागपूर ७९.१ अंशांवर आहे. पुण्याच्या ५.२ अंश पूर्वेला. तिथे मध्यान्ह २१ मिनिटं आधी होईल." मग तिने आत्याला फोन केला, "आत्या, रविवारी तुमच्या गच्चीवर काठी उभी कराल का?" आत्याने केली. वर्तुळ, दोन खुणा, दोन वेळा. संध्याकाळी आकडे आले. अंदाजापेक्षा दोन मिनिटांचा फरक होता. लेकीने अंदाजाशेजारी आत्याचा आकडा लिहिला आणि खाली लिहिलं, "दोन मिनिटं कुठे गेली? आत्याची काठी सरळ होती का, विचारणे."

जिन्यात आता कुणी विचारलं तर मी तिच्या वहीचं ते पान दाखवते.